कोणती पवनी?

मी आणि माझ्या बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे तुरीच्या शेंगा सोलणं, आणि ते करता करता केलेलं शेवटचं भांडण म्हणजे पवनी.

शेंगा दीड किलो होत्या. भांडण एकोणपन्नास वर्षांचं होतं.

(आधीच सांगून ठेवतो, मी चौथी पास आहे. पास म्हणजे, मास्तरांनी कंटाळून पुढं ढकललेला. सारा जन्म नागपुरातल्या जुन्या शुक्रवारीत पिठाच्या चक्कीवर गेला. हे लिहिलेलं माझी पोरगी मंगला तपासून देणार आहे. माझ्या 'मले'चं ती 'मला' करते. करू द्या. पण आम्ही जे बोललो ते जसं बोललो तसंच ठेवजो म्हणलं. दुर्पता शुद्ध बोलायला लागली तर मला माझीच बायको ओळखू येणार नाही!)

तर दुर्पता सूप मांडीवर घेऊन बसली होती, मी समोर. ती दहा शेंगा सोले तेव्हा माझ्या तीन होत, त्यातल्या दोनांचे दाणे मी तोंडात टाके.

"अजी, मंग कवा जायचं पवनीले?"

"कुठी?"

"पवनीले!!"

(चक्कीपाशी बसून बसून माझे कान गेलेत. त्यामुळं दुर्पता माझ्याशी ओरडूनच बोले. गल्लीत समज असा की आमचं रोज भांडण होतं. अर्ध्या वेळा ती बिचारी 'चहा घेता का' एवढंच विचारत असे.)

"काय हाये पवनीत?" मी म्हणलं.

"भिंत हाये. जुन्या राजाची. गावाभवती, डोंगरायेवढी."

"आपल्या घराले चार भिंती हायेत. त्या पाह्य."

"वैनगंगेचा घाट हाये."

"नळाले पाणी येते आपल्या."

"पंचमुखी गणपती हाये!"

"तुह्या एका तोंडानं मी परेशान हावो, आणखी पाच कायले?"

तिनं शेंग फेकून मारली. लागली नाही. एकोणपन्नास वर्षांत तिचा नेम कधी बसला नाही. किंवा तिनं कधी बसवला नाही.

"मस्करी पुरे झाली," ती म्हणाली. "सकाळी सातच्या गाडीनं निघू. दहाच्या आत पवनी. पाहू, बसू, दोन घास खाऊ, दिवे लागायच्या आत घरी. तुमाले तं आता वयाच्या मानानं तिकीटच नाही, मले अर्धं. आणखी सरकारनं काय खांद्यावर बसवून न्यावं?"

"पण सारा दिवस जाते न."

"मंग? तुमी दिवस लोणच्यात घालून ठेवता का?"

उत्तर नसलं की माझं एक ठरलेलं औषध होतं. मी म्हणलं, "बरं, सकाळी सांगतो."

हे औषध मी सगळ्याला वापरलं. मंगलासाठी कळमेश्वरचं स्थळ आलं, सकाळी सांगतो. घराला रंग द्यायचा, सकाळी सांगतो. सकाळी मी विसरलो असं दाखवायचो, आणि ती मला विसरू दिलं असं दाखवायची. संसार असाच चालतो.

त्या सकाळी मात्र सांगायचं राहिलं. ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेली, त्रास झाला नाही. त्या सोललेल्या दाण्यांचं जेवायला आळण करायचं होतं.

आता तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्या, पवनी काही लंका नाही, एकदा न्यायला काय झालं होतं? तर खरं कारण सांगतो. मंगला हे पहिल्यांदाच वाचणार आहे. वाच बाई.

दुर्पताला माझ्या आधी एक स्थळ आलं होतं. पवनीचं. पोराच्या बापाचं लुगड्यांचं दुकान, बाजारात. पोरगा पाहून गेला, पोहे खाऊन गेला, पण पत्रिका जमली नाही. मग चार महिन्यांनी मी पाहून गेलो. माझी पत्रिकाच नव्हती, त्यामुळं न जमायचा प्रश्नच आला नाही.

लग्नाला महिना झाला असेल. मी सहज विचारलं, "कसा होता वं तो पवनीवाला?" तिनं पोळी उलटवता उलटवता सांगितलं, "दिसाले बरा होता. केस लय होते त्याचे. कुरळे."

बस. एवढंच. तिनं पोळी उतरवली आणि विसरून गेली. मी ते केस एकोणपन्नास वर्षं डोक्यात घेऊन फिरलो. (माझे स्वतःचे तिसाव्या वर्षीच गेले. चक्कीच्या पिठानं गेले असं मी सांगतो.)

सुरुवातीला ती माहेरी गेली की तिसऱ्या दिवशी मी आणायला हजर. सासरवाडीचे लोक म्हणत, काय जावई आहे, बायकोवाचून राहवत नाही! प्रेम कुठचं, पवनी तिथून जवळ पडे! पुढं तिचे मायबाप गेले, भाऊ घर विकून निघून गेले, तिकडचा रस्ताच बंद झाला. मला बरंच वाटलं. लाज वाटते सांगायला, पण बरंच वाटलं.

तेरवी झाली. पाहुणे गेले. मंगला रविवारी कळमेश्वरहून येई, डबे भरून ठेवी, डोळे पुशी, जाई. बाकीचे सहा दिवस मी आणि दुर्पताचा फोटो. फोटो ओरडत नाही, त्यामुळं घरात काही ऐकूच येत नव्हतं.

आणि एक गोष्ट मला आतून खात होती. तिनं विचारलं होतं, पवनीला जायचं का? मी म्हणलं होतं, सकाळी सांगतो. आता माणूस नाही, पण सवाल तर शिल्लक आहे! मग माझ्या डोक्यात आलं, आपण जाऊनच पाहावं. तिथं पाहण्यासारखं काही नसेल, तर मी पहिल्यापासून खरा. फोटोसमोर उभं राहून सांगायचं, 'पाह्य, मी म्हणत होतो का नाही? काही नाही तिथं. तुहं काही हुकलं नाही.' आणि असेल तर...

असेल तर काय, ते मी ठरवलंच नव्हतं. माझं मनापासून म्हणणं होतं की पवनीत काही नसावं. देवाला हातसुद्धा जोडले. (गणपतीला नाही जोडले. त्याचाच तिथं मामला होता.)

मंगलाला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, एकटे नका जाऊ. रविवारी मी येतो न संगं."

"काहून? मी काय लहान हावो?"

"तुमाले ऐकू येत नाही. गाडी चुकसाल. ती कानाची मशीन लावजा तरी!"

"मले सारं ऐकू येते."

"काय म्हणलं मी?"

"गाडी पाचला हाये म्हणली. पाचला नाही वं, साताले हाये."

मशीन मी लावली नाही. मंगलाच्या नवऱ्यानं सदरमधल्या दुकानातून चांगली घेऊन दिली होती, पण कानात घातली की ती शीळ घालते. शहात्तराव्या वर्षी माणसाच्या कानातून शीळ वाजणं शोभतं का? मशीन सदऱ्याच्या खिशात ठेवली. कान डोक्याला, मशीन छातीला. दोघांची भेट नाही!

बसस्टँडवर सकाळी ही गर्दी! गाडीची पाटी वाचायला चष्मा पाहिजे. चष्मा पिशवीत, पिशवीत त्यावर मंगलानं रविवारी करून ठेवलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या, त्यावर पाण्याची बाटली. एवढं कोण उपसतो? एका गाडीच्या दारात कंडक्टर बाई ओरडत होती. काय काय ओरडत होती ते तिला ठाऊक, मला मधला एकच शब्द लागला: "...पवनी...!"

चढलो. म्हणलं, "पवनी!" बाईनं आधार कार्ड पाहिलं आणि शून्य रुपयाचं तिकीट दिलं. काही काही गोष्टी किती सोप्या असतात! मी खिडकीला टेकलो आणि झोपलो. जन्मभर चक्कीच्या घरघरीत झोपलेला माणूस मी. एस.टी.चं इंजिन म्हणजे माझ्यासाठी अंगाईच.

जाग आली तेव्हा उजव्या हाताला टेकडी, टेकडीवर देऊळ. चांगलं पाहिलं. रामटेक!

दुसरा कोणी असता तर उडी मारून उठला असता. मी विचार केला. (माझं सगळं नुकसान विचार केल्यानंच झालं आहे.) म्हणलं, रामटेक उंच आहे, लांबूनही दिसत असेल. आणि आजकाल रस्त्यांचं काही खरं नाही. पाच वर्षं मी शुक्रवारीच्या बाहेर गेलो नाही, तेवढ्यात त्यांनी किती पूल बांधले, किती वळणं फिरवली! नेला असेल पवनीचा रस्ता रामटेकवरून.

तरी खात्री केलेली बरी. शेजारी एक शेतकरी भाऊ बसला होता, मांडीवर नवीन कोरी लोखंडी कढई.

"हे गाडी पवनीलेच जाते न?"

"हो बाबाजी. मी बी पवनीलेच उतरतो."

"तिकडं जंगल हाये म्हणते?" (पवनीकडं वाघाचं जंगल आहे, हे मी भजी बांधून आलेल्या पेपरात वाचलं होतं.)

"हाये न! मागच्या हप्त्यात वाघानं आमची गाय धरली."

जमलं!

"अन् नदी?"

"हाये न! मोठी हाये..." पुढं त्यानं नदीचं नाव सांगितलं असणार, ते इंजिनानं खाल्लं.

जमलं! आता शेवटचं. "अन् किल्ला?"

"नागपूरच."

"म्हणजे आपल्या नागपूरच्या राजाचा?"

त्यानं माझ्याकडं जरा पाहिलं. "पहिल्यापासून नागपूरच हाये, बाबाजी. बदलला नाही."

"टिकला म्हणायचा."

"टिकाले काय झालं त्याले?"

"दरवाजे गिरवाजे पडले असतील न?"

"जिल्ह्याचे?" तो कढई छातीशी धरून ओरडला. "जिल्ह्याले दरवाजे कुठी राहतात?"

मला त्याचं बोलणं लागलं नाही. मी हसलो, तोही हसला, आणि थोडा सरकून बसला. मी किल्ला विचारत होतो, तो जिल्हा सांगत होता, हे मला चार तासांनी परतीच्या गाडीत कळलं. एकटाच खो खो हसलो. समोरच्या बाईनं लेकरू उचलून दुसऱ्या मांडीवर घेतलं.

"पवनी! उतरा!"

उतरलो. गाडी गेली. धूळ बसली. मी चारी बाजूंनी पाहिलं.

मोठा डांबरी रस्ता. त्यावरून ट्रक. चार दुकानं, एक पानठेला, एक चहाची टपरी. पलीकडं सागाची झाडं, पानं गळून उघडी पडलेली. भिंत नाही. घाट नाही. राजा नाही.

सांगतो तुम्हाला, बायको गेल्यापासून पहिल्यांदा माझ्या छातीवरचा दगड उतरला. काही नव्हतं! मी खरा होतो! एकोणपन्नास वर्षं मी तिला कशापासूनही वंचित ठेवलं नव्हतं! मी रस्त्याच्या कडेला उभा राहून मोठ्यानं म्हणलं, "दुर्पते, पाह्य वं! हे तुही पवनी! याच्यासाठी शेंगा फेकून मारत होती? काही नाही इथं! ट्रक हायेत!"

(आजकाल एकट्यानं बोललं तरी लोक समजतात, फोनवर आहे. म्हाताऱ्यांची मोठी सोय झाली.)

टपरीवर गेलो, चहा सांगितला, पुऱ्या सोडल्या. किती दिवसांनी अन्न गोड लागलं. खुशीत होतो म्हणून चहावाल्याला चिडवलं, "काय गा, लोक उगाच नाव करतात तुमच्या पवनीचं. कुठी हाये ते डोंगरायेवढी भिंत?"

चहावाल्यानं गाळणी खाली ठेवली. माझ्याकडं पाहिलं. मग माझ्याजवळ येऊन बसला, आणि वाईट बातमी सांगताना डॉक्टर जसे बोलतात तसा हळू बोलायला लागला. मला अर्थात काही ऐकू आलं नाही.

"जोरानं बोल गा!"

"म्हणलं, कोणती पवनी पाहिजे बाबाजी?"

"कोणती म्हणजे? दोन हायेत का?"

"दोन हायेत न! हे जंगलाची पवनी, रामटेककडची. भिंत, घाट, गणपती, ते सारं भंडारा जिल्ह्यातल्या पवनीत. तिकडं, वैनगंगेवर. तुमी उत्तरेले आले. ते दक्षिणेले राहिली."

मी पुरी हातात धरून बसलो.

"जिवाले लावून नका घेऊ," तो म्हणाला. "साल-दोन सालात एखादा येतेच. मागं तं एक पूर्ण घर आलं होतं, गणपतीसाठी मोदक घेऊन. एकवीस."

"मंग?"

"मंग काय, मोदक आमीच खाल्ले."

मला अजून एक आशा होती. म्हणलं, "ते पवनी तरी पाहाले जाण्यासारखी हाये का? का तिथंही ट्रकच?"

"माही सासरवाडी हाये ते!" चहावाल्याचा चेहरा उजळला. "अशी भिंत हाये बाबाजी, वर चढलं का गाडीबैल मुंगीयेवढे दिसतात. अन् संध्याकाळी घाटावर बसलं का उठू वाटत नाही. बायकोले घेऊन जाजा एकदा. बायकायले लय आवडते ते."

चहात साखर होती. तरी कडू लागला.

तेवढ्यात मंगलाचा फोन. "बाबा! पोचले का? पाहिली का पवनी?"

आता पाहा. मी खोटं बोललो नाही. पवनीत उभा होतो, पवनी पाहत होतो. "पाहिली," म्हणलं.

"कशी हाये?"

"काही नाही इथं. रस्ता हाये. टपरी हाये. ट्रक हायेत."

ती म्हणाली, "मंग आई काहून एवढी म्हणत राहे, बाबा?" (हे सारं ओरडून. माझ्या पोरीला रडतानासुद्धा ओरडावं लागतं.)

उत्तर सुचलं नाही की माझं तोंड आपोआप जे म्हणतं, तेच म्हणालं. "सकाळी सांगतो."

फोन ठेवला आणि हातातली पुरी परत बांधून ठेवली. कारण हे दोन शब्द मी शेवटचे कोणाला म्हणलो होतो, ते आठवलं.

घरी आलो तेव्हा ऊन कलायचं होतं. फोटोसमोर गेलो. म्हणायचं ठरवून आलो होतो, 'काही नाही तिथं.' पण फोटोतली दुर्पता अशी पाहते, जशी मी दळणात काटा मारल्यावर पाहायची. मी फोटोला पाठ करून जेवलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो, अंघोळ केली, उरलेल्या पुऱ्या बांधल्या आणि पहिलं काम काय केलं? मशीन कानात घातली. शीळ वाजली. वाजू दे!

बसस्टँडवर चष्मा लावून पाटी वाचली. मग कंडक्टरला विचारलं, "हे कोणती पवनी?"

"भंडारा जिल्ह्याची, बाबाजी."

"घाटाची?"

"घाटाची."

"ट्रकाची नाही न?"

"बाबाजी, बसता का?"

बसलो. या वेळी झोपलो नाही. उमरेडला विचारलं, भिवापूरला विचारलं. तिसऱ्यांदा तोंड उघडलं तर विचारायच्या आधीच मागच्या बाकावरची पोरं एका सुरात ओरडली, "घाटाचीच!"

आता पवनी कशी आहे ते सांगतो. मला वर्णन जमत नाही. पण भिंत आहे. चहावाला खोटं बोलला नव्हता. मी वर चढलो, गुडघे धरत धरत, आणि खाली पाहिलं, तर गाडीबैल मुंगीएवढे. गणपतीपुढं हात जोडले. तोंडं पाच आहेत, पण सगळी गप्प. घाटाच्या पायऱ्यांवर जाऊन बसलो. नदी एवढी मोठी आणि चाल एवढी हळू, जशी हिला कुठं जायची घाईच नाही. शेजारी एक माणसाची जागा मी का सोडून बसलो होतो, ते मला उठताना कळलं.

सारा दिवस गेला असता तरी चाललं असतं. एकोणपन्नास वर्षांतले पाच-सहा दिवस गेले असते तरी चाललं असतं.

पण अजून एक ठिकाण राहिलं होतं. बाजारात गेलो. लुगड्यांचं दुकान विचारलं. लोकांनी लगेच दाखवलं. आता तिथं लुगडी कमी आणि मॅक्सी जास्त. आत गादीवर म्हातारा बसला होता, माझ्याच वयाचा. डोक्यावर एक केस नाही. एक! ऊन पडलं असतं तर मला डोळ्यांवर हात धरावा लागला असता.

बसलो. म्हणलं, "पन्नास वर्षांमागं तुमी एक पोरगी पाहाले गेले होते. इथं जवळच्याच खेड्यात. दुर्पता नावाची."

त्यानं टक्कल खाजवलं. "तवा तं लय पोरी पाहिल्या आमी. एकेका दिवशी तीन-तीन. पोहे खाऊन खाऊन पोट बिघडलं होतं, तेवढं ध्यानात हाये."

माझा एकोणपन्नास वर्षांचा वैरी! आणि त्याला पोहे आठवत होते!

तेवढ्यात आतून त्याची बायको पाणी घेऊन आली. "कुठून आले, भाऊ?"

"नागपूरहून."

"किती वेळ लागते?"

"अडीच-तीन घंटे."

ती गर्रकन नवऱ्याकडं वळली. "ऐकलं का अजी? अडीच घंटे! लग्न झाल्यापासून म्हणून राहिली मी, मले एकदा नागपूर दाखवा. मोठा तलाव हाये म्हणते, आता तं मेट्रो बी हाये!"

म्हाताऱ्यानं मॅक्सीची घडी घालता घालता म्हणलं, "काय करतं तलाव पाहून? घरामागं एवढी नदी हाये, ते पाह्य. सारा दिवस जाते."

माझ्या कानातली मशीन अशी शिटी मारायला लागली की दुकानातलं एक गिऱ्हाईक दचकलं. मी मशीन दाबून धरली आणि म्हणलं, "दादा, मी हात जोडतो. घेऊन जा तिले. माह्या घरी उतरा, मी तलाव दाखवतो. पण हो का नाही, ते आत्ताच सांगा."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. बायकोकडं पाहिलं. घडी घातलेली मॅक्सी पुन्हा उघडून पुन्हा घडी घातली. आणि म्हणाला, "पाहू. सकाळी सांगतो."

दुर्पते, तू म्हणत होती ते खरं आहे. भिंत डोंगराएवढी आहे, घाटावरून उठू वाटत नाही, दिवस जातो पण परवडतं. हे तुला सांगायला मी दोन दिवस आणि दोन पवन्या फिरलो. आणि ज्याच्या कुरळ्या केसांपायी तुला इथं येऊ दिलं नाही, तोही पाहून आलो. एवढ्या लांब येऊन, तीन घंटे कानात शीळ वाजवून पाहिलं कोणाला? तर मलाच! ते पाहायला घरी आरसा काय वाईट होता?